पट 9 आहे म्हणून वाडीची शाळा हलवणार म्हणतात, तर सही करण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट 9, शिक्षक एक. केंद्रप्रमुखांनी तोंडी सांगितलं की जूनपासून मुलांचं समायोजन ओढ्यापलीकडच्या, अडीच किलोमीटरवरच्या खालच्या गावच्या शाळेत होणार, आणि ‘पालकांची हरकत नाही’ अशा मजकुराचा टाइप केलेला कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांपुढे ठेवला. अध्यक्ष विचारतात की सही करावी का, आणि विरोध करायचा तर सुरुवात कुठून करावी.

सही करू नका. आज नाही आणि ‘नुसती माहितीसाठी आहे’ असं सांगितलं तरी नाही. त्या कागदाची झेरॉक्स मागा, दिली नाही तर मोबाइलवर फोटो काढा आणि ‘समितीपुढे ठेवून कळवतो’ एवढंच म्हणा. वाद घालू नका. केंद्रप्रमुख हा वरून आलेला तक्ता भरून देणारा माणूस असतो, त्याच्याशी भांडून हाती काही लागत नाही, उलट गावाबद्दल ‘सहकार्य नाही’ असा शेरा मात्र पडतो.

मी जिल्हा परिषदेत आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी विस्तार अधिकारी होतो. असे प्रस्ताव खालून वर कसे चढतात ते आतून पाहिलं आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जो तक्ता जातो त्यात तुमच्या शाळेची एक ओळ असते. पट, शिक्षक, जवळच्या शाळेचं नाव, अंतर, पालकांची संमती, शेरा. वर बसलेल्या कोणीही तुमची वाडी पाहिलेली नसते, ते ती ओळ वाचतात. अंतराच्या रकान्यात ‘0.9’ आणि संमतीच्या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलं गेलं की पुढे निवेदनं, उपोषणं, आमदारांची पत्रं यांना फारसा अर्थ उरत नाही. म्हणून तुमची सगळी ताकद आधी या दोन रकान्यांवर लावा.

हे नवीन नाही. 2017 च्या अखेरीस 10 पेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय राज्यात झाला होता. 2022 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा आकडा निघाला 14,783 शाळांचा. त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं आणि 29,707 शिक्षक. पुढच्या वर्षी पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन ‘समूह शाळां’चे, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने तर छोट्या शाळांची शिक्षकपदंच आकसली. शाळा बंद करणार नाही असं मंत्री सांगतात, आणि तुमच्या कागदावरही बहुधा ‘बंद’ हा शब्द नसेल. ‘समायोजन’, ‘स्थलांतर’ असं काहीतरी असेल. नाव काही असो, तुमच्या पहिलीच्या पोराला उद्या किती चालावं लागणार, हाच प्रश्न विचारत राहा.

कायदा याच प्रश्नावर उभा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 3 नुसार 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला परिसरातल्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ती शाळा उपलब्ध असेल हे पाहणं कलम 8 नुसार राज्य सरकारचं आणि कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचं, कर्तव्य आहे. परिसर म्हणजे किती, हे राज्याच्या 2011 च्या नियमांत आहे. पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर. तुम्ही अंतर अडीच किलोमीटर लिहिलं आहे. ते खरं असेल आणि तुम्ही ते सिद्ध करू शकलात, तर तुमची बाजू भक्कम आहे. अनेक गावं ते सिद्धच करत नाहीत. ‘लय लांब आहे साहेब’ एवढ्यावर भागवतात.

तेव्हा रस्ता मोजा. माझ्या मते सगळ्या लढ्यातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्यालयात अंतर मोजतात ते शाळेपासून शाळेपर्यंत, पुष्कळदा नकाशावर सरळ रेषेत. डोंगरात सरळ रेषेचा काय उपयोग? शिवाय मूल शाळेत राहत नाही, घरी राहतं. वाडीतलं सगळ्यांत वरच्या अंगाचं घर शाळेपासून आणखी अर्धा किलोमीटर असेल तर त्या मुलीचं अंतर अडीच नव्हे, तीन किलोमीटर होतं. म्हणून मोजणी प्रत्येक मुलाच्या उंबऱ्यापासून खालच्या शाळेच्या फाटकापर्यंत करा. सकाळी ज्या वेळी निघावं लागेल त्याच वेळी निघा, पहिलीतलं एक मूल दप्तरासकट बरोबर घ्या आणि त्याच्या चालीने चाला. मोबाइलमध्ये वाट नोंदवणारं ॲप चालू ठेवा, त्यात अंतर, वेळ आणि चढउतार तिन्ही येतात. वाटेत थांबून लिहीत जा. पहिला ओढा, त्यावर साकव म्हणजे छोटा पूल आहे का, असला तर कठडा आहे का, फळ्या शाबूत आहेत का. मग करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी पायवाट किती लांब. मोठा रस्ता ओलांडायचा आहे का, तिथे वळण आहे का. वाटेवर एकही घर नाही असा टप्पा किती. पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई यांना बरोबर न्या आणि शेवटी पंचनाम्यासारखं टिपण करून सगळ्यांच्या सह्या घ्या.

दुसरी गोष्ट हंगामाची. पाहणीला माणसं येतात मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी ओढा कोरडा ठणठणीत असतो, मोटारसायकलसुद्धा पात्रातून पलीकडे जाते. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, आणि त्याच सुमाराला पाणी उतरायला लागतं. मागच्या पावसाळ्यातले फोटो वाडीतल्या कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असतातच. गुडघाभर पाण्यातून दुधाची किटली डोक्यावर घेऊन जाणारा माणूस, वाहून गेलेला साकव, दरड. ते तारखेसकट छापून घ्या. बिबट्या किंवा गव्याचा त्रास असेल तर नुसतं म्हणू नका. जनावर मारल्याचे किंवा पिकाच्या नुकसानीचे पंचनामे वनखात्याकडे असतात, त्यांच्या प्रती जोडा. सरकारी कागदाला सरकारी कागदच उत्तर देतो.

केंद्र सरकारच्या 2010 च्या नियमांत अवघड भूभाग, दरडी, पूर, रस्त्याचा अभाव अशा ठिकाणी लहान मुलांच्या वाटेतला धोका टाळण्यासाठी शाळेच्या अंतराची मर्यादा कमी करावी असं आहे. राज्याचे नियम वेगळे असले तरी निवेदनात त्याचा उल्लेख करा, त्यामागचं तत्त्व नाकारणं कुणाला जड जातं.

आता पटाकडे. 9 हा आजचा आकडा आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरवरून आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींवरून पुढच्या चार वर्षांत पहिलीला कोण येणार त्याचा तक्ता करा. ऊसतोडीला किंवा मुंबईला कामावर गेलेल्या कुटुंबांची मुलं सप्टेंबरला दिसतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत, किंवा उलट. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही कलम 9 नुसार जिल्हा परिषदेचीच जबाबदारी आहे, म्हणून ती मुलं वेगळी दाखवा. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि त्यात आधार वैध असलेलीच मुलं धरतात. नावात एक वेलांटी चुकली म्हणून मूल वर्गात असूनही हिशेबात नाही, असं सर्रास होतं. ती दुरुस्ती आधी करून घ्या. पाचवीचा वर्ग 1 किलोमीटरच्या आत कुठे नसेल तर तो तुमच्या शाळेला जोडावा अशी मागणीही घाला. चौथी पास झालेली दोन-तीन मुलं शाळेतच राहिली तर पट तिथेच वाढतो.

पाहुण्यारावळ्यांची मुलं पटावर चढवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याच्या नादी लागू नका. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा अशा शाळांचं काय झालं ते जुन्या शिक्षकांना विचारा. एक नाव खोटं निघालं की बाकीची आठ खरी नावंही संशयात येतात.

आणि एक अवघड विषय. पाहणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न हा विचारतो: “वाडीतली किती मुलं व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात?” त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. समितीच्या सदस्याचंच पोर त्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसत असेल तर त्याला पुढे करून भाषण करायला लावू नका. आधी त्या चार-पाच घरांत जाऊन बसा. ती घरं का गेली ते ऐका. शिक्षक सारखे बैठकीला असतात, मुलाला वाचता येत नव्हतं, इंग्रजी नव्हतं, काहीही असेल. जूनमध्ये दोन मुलं जरी परत आली तर दहा निवेदनांपेक्षा जास्त वजन पडतं. पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट बोटांवर मोजण्याइतका उरला होता आणि पुढे तिचं नाव जगभर गेलं, हे उदाहरण तुम्हाला सगळे देतील. चांगलं आहे, पण आजूबाजूला मुलंच नसलेल्या वाडीला ते माप लावू नका. तुमच्या शाळेने प्रसिद्ध व्हायची गरज नाही, तुमची 9 मुलं वाचायला-लिहायला शिकली आणि सुखरूप घरी आली की पुष्कळ झालं.

कागद आता ठरावाचे. दोन हवेत. एक शाळा व्यवस्थापन समितीचा, एक ग्रामसभेचा. कायद्याने समितीला शाळा बंद होण्यावर नकाराधिकार दिलेला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी तसं छातीठोक सांगितलं तर फसू नका. पण समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे तिचा लेखी विरोध असताना ‘पालकांची संमती आहे’ असं कुणाला लिहिता येत नाही. ठराव गुळमुळीत नको. ‘शाळा बंद करू नये अशी विनंती’ यापेक्षा असा मजकूर घाला:

“आमच्या वाडीतील 9 मुलांपैकी एकाही मुलाच्या घरापासून प्रस्तावित शाळा 1 कि.मी.च्या आत नाही. प्रत्येक मुलाचे मोजलेले अंतर व लागलेला वेळ सोबतच्या तक्त्यात आहे. वाटेत दोन ओढे असून त्यांपैकी एकावर साकव नाही. शाळेच्या समायोजनास एकाही पालकाने तोंडी वा लेखी संमती दिलेली नाही. यापूर्वी अशी संमती घेतल्याचे दाखवले असल्यास ती आम्हास मान्य नाही.”

शेवटचं वाक्य विसरू नका. खाली प्रत्येक पालकाची सही किंवा अंगठा, आईची सही वेगळी. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना एक-एक प्रत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. शिक्का नसेल तर तो कागद दिलाच नाही असं समजा.

ग्रामसभेत मात्र सांभाळून. तुमची वाडी बहुधा गटग्रामपंचायतीत असेल आणि ज्या खालच्या गावात मुलं न्यायची आहेत तेच ग्रामपंचायतीचं मोठं गाव असेल. त्या शाळेचाही पट घसरलेला असतो. तुमची 9 मुलं आली तर तिथलं शिक्षकाचं एक पद वाचतं. म्हणून ग्रामसभेत अचानक ‘एकच मोठी चांगली शाळा करू’ असा सूर निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. सभेआधी सरपंचांशी आणि त्या गावच्या समितीशी बोला. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी कमी असेल ती लागते, तेव्हा वाडीतली सगळी माणसं, बायकासुद्धा, सभेला बसली पाहिजेत. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात असाल तर तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार आहे, त्याचा उल्लेख ठरावात करा. जाता जाता शाळेच्या जागेचा उताराही काढा. कुणाच्या तरी आजोबांनी शाळेसाठी म्हणून बक्षीसपत्राने जागा दिलेली असते आणि त्यातल्या अटी कुणी वाचलेल्या नसतात.

अधिकारी तुम्हाला जे सांगतील ते सगळंच चुकीचं नसेल. 9 मुलांत खो-खोचे दोन संघ होत नाहीत, बरोबरीचं कुणी मिळत नाही, एका शिक्षकाला चार वर्ग आणि वर दररोजची ऑनलाइन माहिती. हे खरं आहे. पण त्यावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 काय म्हणतं ते त्यांना दाखवा. शाळा संकुलांचं सातवं प्रकरण आहे त्यात. छोट्या शाळांच्या अडचणी मान्य करून धोरण म्हणतं की एकत्रीकरण फार विचारपूर्वक करावं, मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्यावर परिणाम होणार नसेल तरच करावं, आणि त्याने मूळ प्रश्न सुटणार नाही. त्यांनी सुचवलेला उपाय आहे आजूबाजूच्या शाळांनी शिक्षक, साहित्य, खेळ वाटून घेण्याचा. कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये हेच सांगितलं होतं. म्हणजे आठवड्यातून एकदा खेळाच्या तासाला मुलं खाली गाडीने न्या, इंग्रजीचे गुरुजी दोन दिवस वर पाठवा. शाळा आपल्या जागी राहू द्या. एकत्र वर्ग घेणं हे तर संकट मुळीच नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटात, जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांनी काय करून दाखवलं ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते.

तुमच्या शाळेत शिक्षक खरोखरच आठवड्यातून दोन दिवस नसतील तर ते लपवू नका, मागणीत घाला. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक लागतात. एक काढून घेऊन मग ‘गुणवत्ता नाही’ म्हणायचं, हे बरोबर नाही.

वाहतुकीचं आश्वासन मिळेल. ते कुणाकडून, कोणत्या आदेशाने, कोणत्या गाडीने, हे लेखी मागा. वाहतूक भत्ता पालकांच्या खात्यावर जमा होतो, तोही कधी महिन्यांनी, आणि तुमच्या वाडीत गाडीच येत नसेल तर त्या पैशांचं करणार काय? एसटीचा अहिल्याबाई होळकर पास पाचवीपासूनच्या मुलींना आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस वरच्या वर्गांतल्या मुलींसाठी. तुमची मुलं पहिली ते चौथीची आहेत, त्यांना या दोन्हींतलं काहीच लागू होत नाही.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून ठरवलं की 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीचे 25 टक्के राखीव प्रवेश द्यायची गरज नाही. त्याच जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पण युक्तिवाद लक्षात घ्या: गरिबाच्या मुलाला जवळची सरकारी शाळा आहेच की! आणि दुसऱ्या हाताने तीच जवळची शाळा पट कमी म्हणून हलवायची. सुनावणीला बोलावलं तर हे जरूर विचारा.

हे सगळं करूनही प्रस्ताव पुढे सरकला तर? आधी माहिती अधिकारात प्रस्तावाची प्रत, अंतर पडताळणीचा अहवाल आणि संमतीपत्रं मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत हवा, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सोबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्या. त्यावर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. त्यानंतर उच्च न्यायालय. मुलं, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, तेव्हा खर्चाला घाबरून थांबू नका.

न्यायालयातही कागदच बोलतो. उत्तर प्रदेशात जून 2025 मध्ये कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश निघाला. सीतापूरच्या मुलांची याचिका एकलपीठाने 7 जुलैला फेटाळली. अपिलात 24 जुलैला लखनौच्या खंडपीठाने त्या जिल्ह्यापुरता ‘जैसे थे’चा आदेश दिला, कारण सरकारने जोडलेल्या कागदपत्रांतच ठळक विसंगती दिसल्या. आठवड्याभरात सरकारने जाहीर केलं की 1 किलोमीटरपेक्षा लांबची शाळा जोडणार नाही. तुमचा मोजणीचा पंचनामा आणि त्यांच्या तक्त्यातला ‘0.9’ शेजारी शेजारी ठेवता आले पाहिजेत, ते यासाठी.

पट दोनवर आला असता आणि अंगणवाडीही रिकामी असती, तर मी तुम्हाला लढा म्हटलं नसतं. चांगली गाडी मिळवा म्हटलं असतं. तुमच्याकडे 9 मुलं आहेत आणि वाटेत ओढा आहे, म्हणून एवढं लिहिलं.

जून उजाडेपर्यंत निकाल लागला नाही तर घाईने शाळा सोडल्याचे दाखले काढू नका. पालकांनी स्वतः अर्ज करून दाखले नेले की ‘मुलं स्वखुशीने गेली’ अशी नोंद होते आणि पट शून्य दिसतो. शून्य पटाची शाळा वाचवणं जवळजवळ अशक्य. पहिल्या दिवशी मुलं रोजच्या वेळेला शाळेत पाठवा, कुलूप असेल तर ओट्यावर बसवा, तारीख-वेळेसह फोटो काढून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा आणि हजेरी समितीच्या वहीत मांडा. पोषण आहाराचं काय, हेही त्याच पत्रात विचारा. आणि मुलं हलवायचीच वेळ आली तर गाडीचा लेखी आदेश, गाडीत एक मदतनीस ताई आणि ओढ्यावरचा साकव या तिन्ही गोष्टी आधी, मुलं नंतर. इमारत ग्रामपंचायतीच्या किंवा अंगणवाडीच्या ताब्यात राहील हेही त्याच पत्रात लिहून घ्या. रिकाम्या शाळेच्या छपराचे पत्रे आणि खिडक्या वर्षभरात जातात, आणि मग परत शाळा मागायला गेलात तर ‘इमारत वापरण्यायोग्य नाही’ असं उत्तर येतं.